सायकल, फोटो आणि बारा मे

आमच्या बॉबलिंगेनमधली काही मराठी कुटुंबे उन्हाळ्याचे पाच-सहा महिने एक खेळ खेळतात. खेळ काही आमच्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेतल्या कितीतरी शहरांतून सायकलवाली मंडळी तो खेळत आली आहेत. नियम अगदी साधे. एकाने गावातल्या एखाद्या खुणेपाशी, म्हणजे कारंजे, पूल, मनोरा, जुनी कमान अशा ठिकाणी, आपली सायकल उभी करायची, तिचा फोटो काढायचा आणि तो सर्वांना पाठवायचा. जागेचे नाव मात्र सांगायचे नाही. बाकीच्यांनी ती जागा ओळखायची, सायकलनेच तिथे जायचे आणि त्याच कोनातून आपल्या सायकलचा फोटो काढून पुरावा द्यायचा. जो पहिला पोचेल त्याने पुढचे कोडे घालायचे. मोटारीने जाऊन आलेले चालत नाही. बक्षीस काही नाही. शनिवारच्या चहाच्या वेळी थोडी फुशारकी मारायला मिळते, तेवढेच. आम्ही या खेळाला नुसते 'खूण' म्हणतो.

हा खेळ खेळताना या गावाच्या इतिहासाबद्दल, आणि ओघाने आपल्याही इतिहासाबद्दल, जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

बॉबलिंगेन कुठे आले?

स्टुटगार्टच्या नैर्ऋत्येला साधारण वीस किलोमीटरवर हे गाव आहे. मराठीत आपण बॉबलिंगेन लिहितो, इथले लोक 'ब्योब्लिंगन' म्हणतात. शेजारचे सिंडेलफिंगेन इतके चिकटून आहे की एक गाव कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. तिथे मर्सिडीजचा प्रचंड कारखाना. बॉबलिंगेनमध्ये आयबीएमने १९५३ साली आपली प्रयोगशाळा सुरू केली आणि १९५९ साली ह्युलेट-पॅकार्डने अमेरिकेबाहेरचा आपला पहिला कारखाना इथे काढला. आपली माणसे इथे का आली, याचे उत्तर या तीन नावांत बरेचसे मिळते.

कामासाठी आलेल्या माणसाच्या डोक्यात गावाचा जो नकाशा असतो तो फार लहान असतो. घर, स्टेशन, ऑफिस, मुलांची शाळा, मसाल्याचे दुकान आणि व्हिसाच्या शिक्क्यासाठी ज्यापुढे रांग लावायची ते सरकारी कार्यालय. या सहा ठिपक्यांमध्ये माणूस दहा-दहा वर्षे काढतो. गावातला म्हातारा शेजारी विचारतो, "आवडले का आमचे गाव?" आणि आपण मनापासून "हो" म्हणतो, पण आपण पाहिलेले असतात ते सहा ठिपके. खेळाने आमचे हे ठिपके वाढवले, हा त्याचा पहिला उपकार.

खेळाची वंशावळ

जागा शोधून तिथे पोचल्याचा पुरावा आणायचा, ही हौस जुनी आहे. इंग्लंडच्या डार्टमूर नावाच्या ओसाड पठारावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली एका दुर्गम दलदलीच्या जागी बाटली ठेवली. तिथवर जो चालत जाईल त्याने आपले कार्ड त्या बाटलीत टाकायचे. पुढे तिथे अशा पेट्या आणि शिक्के शोधण्याचा छंदच रुजला. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकन सरकारने उपग्रहांच्या संदेशात मुद्दाम ठेवलेली अचूकतेची मर्यादा काढून टाकली, आणि दोनच दिवसांत ओरेगनमध्ये एकाने जंगलात बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यातून 'जिओकॅशिंग' जन्माला आले. आमचा खेळ याच घराण्यातला. फक्त यात काही लपवायचे नसते. जे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे तेच ओळखायचे असते.

आणि सायकल? ती तर याच राज्याची लेक. १२ जून १८१७ रोजी कार्ल ड्राइस याने मानहाइममध्ये आपली दोन चाकांची, पायडल नसलेली, पायांनी जमीन रेटत चालवायची लाकडी गाडी पहिल्यांदा बाहेर काढली. आपल्याकडे सायकलचे नाते उद्योगाशी लवकर जुळले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सुरुवात केली ती बेळगावातल्या सायकलच्या दुकानाने. किर्लोस्करवाडी त्यानंतर बावीस वर्षांनी आली. आमच्यातले निम्मे लोक पुण्यात सायकलवर डबल सीट हाणत कॉलेजला गेलेले. सायकल आम्हाला इथे येऊन शिकावी लागली नाही. हेल्मेट तेवढे नवे.

उभ्या असलेल्या खुणा

पहिल्या वर्षी कोडी सोपी होती. गावाच्या मध्यावर वरचे तळे आणि खालचे तळे अशी दोन तळी आहेत. १९९६ साली इथे राज्याचे मोठे उद्यान-प्रदर्शन भरले होते. तिथल्या बाकापुलांवर पहिले दोन महिने गेले. मग बाजारचौकातले संत ख्रिस्तोफरचे कारंजे. मग कुणीतरी खाटिकांच्या व्यवसायाचे संग्रहालय शोधून काढले आणि आमच्यातल्या शुद्ध शाकाहारी घराला तिथे सायकल टेकवून फोटो काढावा लागला, तेव्हा बराच हशा झाला.

खरी गंमत आली ती जुन्या विमानतळापाशी. आज स्टुटगार्टचा विमानतळ एश्टरडिंगेनला आहे. पण १९२५ पासून एश्टरडिंगेनचा तळ होईपर्यंत या भागाचा विमानतळ बॉबलिंगेनला होता. हान्स क्लेम यांनी १९२६ साली इथेच हलकी विमाने बांधण्याचा आपला कारखाना काढला. क्लेम यांनी आखलेल्या, जेमतेम वीस अश्वशक्तीच्या एका चिमुकल्या विमानात बसून क्योनिग-वार्टहाउझेन नावाच्या तरुण सरदारपुत्राने १९२८-२९ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि ती इराण, हिंदुस्थान अशा वाटेने. वीस अश्वशक्ती म्हणजे आपल्या साध्या मोटारसायकलीएवढी ताकद! युद्धानंतर हे मैदान दीर्घकाळ अमेरिकन लष्कराकडे होते. या शतकात दोन्ही गावांनी मिळून तिथे नवी वस्ती उभारली आणि एक लांबट तळे केले. विमानतळाच्या जुन्या इमारतींत २००९ पासून जुन्या, देखण्या मोटारी मांडलेल्या असतात. आमच्यातली काही घरे याच नव्या वस्तीत राहतात. आपल्या बाल्कनीखालून एके काळी विमाने धावत होती, हे त्यांना खेळामुळे कळले.

हात धीट झाल्यावर आम्ही गावाबाहेर पडलो. जंगलातून स्टुटगार्टकडे जाणारा सायकलींचा वेगवान मार्ग २०१९ साली सुरू झाला; या राज्यातला तो अशा प्रकारचा पहिला. त्याच्या वाटेवर अमेरिकन सैन्याची छावणी लागते. तिथे कॅमेरा बाहेर काढायचा नाही, हे मुलांना आधीच बजावलेले असते. दुसऱ्या बाजूला पंधरा-सोळा किलोमीटरवर हेरेनबर्ग. तिथे १५९२ साली विल्हेल्म शिकार्ड जन्मला. त्याने १६२३ मध्ये आकडेमोड करणारे यंत्र तयार केले आणि त्याचे वर्णन पत्रातून योहानेस केप्लरला कळवले. तो केप्लर जन्मला १५७१ साली वाइल डेर श्टाट या गावी, आणि तेही आमच्याच जिल्ह्यात. म्हणजे आयबीएमची प्रयोगशाळा इथे येण्याच्या तीनशे तीस वर्षे आधी गणनयंत्राचा पत्रव्यवहार करणारी दोन्ही माणसे या पंचक्रोशीत जन्मलेली! आमच्या संगणकवाल्या मंडळींची छाती त्या रविवारी उगाचच थोडी फुगली होती.

जिथे काही नाही

गावाच्या मध्ये एक टेकडी आहे. तिचे नाव 'किल्ल्याची टेकडी'. वर चर्च आहे, किल्ला मात्र नाही. ७ ऑक्टोबर १९४३ च्या रात्री झालेल्या बॉम्बहल्ल्यात जुन्या गावाचा मोठा भाग, चर्च आणि किल्ला बेचिराख झाले. चर्च पुन्हा बांधले गेले. किल्ला गेला तो गेलाच.

या किल्ल्यात आपल्यासारखीच एक परगावची बाई राहून गेली. इटलीतल्या मांटुआची राजकन्या बार्बरा गोन्झागा १४७४ साली लग्न होऊन या मुलखात आली. तिचा नवरा एबरहार्ड याने पुढे ट्यूबिंगेनचे विद्यापीठ स्थापन केले. १४९६ साली तो वारला. बार्बरा या किल्ल्यात राहिली आणि १५०३ साली इथेच वारली. अठरा वर्षांची असताना आल्प्स ओलांडून आलेली ही मुलगी परक्या भाषेत, परक्या थंडीत तीस वर्षे काढते, हे वाचून आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "तिला फोन नव्हता हो." बाकी कुणी काही बोलले नाही.

पण खेळाच्या दृष्टीने अडचण अशी की किल्ला नाही, तर फोटो कशाचा काढायचा? हाच प्रश्न पुढे एका नववीतल्या मुलीने फार मोठा करून आमच्यापुढे ठेवला.

तिची पाळी आली तेव्हा तिने जो फोटो पाठवला त्यात एक साधा उताराचा रस्ता होता. दोन्ही बाजूंना घरे, एक हिरवे कुंपण, कचऱ्याचे डबे आणि तिची निळी सायकल. पाच दिवस कुणालाच पत्ता लागला नाही. शेवटी मोठ्यांनी तक्रार केली, की ही काही खूण नव्हे. त्यावर ती म्हणाली, "काका, इथे हजारो शेतकरी मारले गेले. खूण ठेवली नाही तो त्यांचा दोष आहे का?"

बारा मे १५२५

ती जागा बॉबलिंगेन आणि सिंडेलफिंगेनच्या मधल्या उतारावरची होती. शाळेत जर्मन शेतकरी युद्धाचा धडा झाला होता आणि मुलांना इथले शेतकरी युद्धाचे संग्रहालय दाखवले होते. ते संग्रहालय एका जुन्या कोठारात आहे. शेतकऱ्यांकडून धान्याचा दहावा हिस्सा वसूल करून जिथे साठवत, तेच हे कोठार. याहून योग्य जागा सापडली नसती.

१५२५ साली दक्षिण जर्मनीतला शेतकरी उठला. त्याचे गाऱ्हाणे समजायला आपल्याला फारसे कष्ट पडत नाहीत. जंगल, कुरण, ओढ्यातले मासे हे सर्व गावाचे असायचे, ते जमीनदारांनी आपल्या नावे केले. वेठ वाढली. घरातला कर्ता मेला की गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर धन्याला द्यावे लागे. म्हणजे दुःखाच्या दिवशीच गोठा रिकामा. मार्च महिन्यात मेमिंगेन गावी शेतकऱ्यांनी आपल्या मागण्या बारा कलमांत लिहून काढल्या. गुलामी नको, सारा वाजवी हवा, गावाची सामाईक जमीन परत द्या, आमचा धर्मोपदेशक आम्ही निवडू, अशी ती कलमे. छापखाना ही तेव्हा नवी गोष्ट होती. दोन महिन्यांत या कलमांच्या सुमारे २५ हजार प्रती निघाल्या असे सांगतात. कित्येक मठांत आणि गढ्यांत शेतकरी शिरले तेव्हा त्यांनी साऱ्याच्या वह्या शोधून नष्ट केल्या.

व्युर्टेम्बर्गच्या शेतकऱ्यांचा पुढारी होता माटेर्न फॉयरबाखर, धंद्याने सरायवाला आणि स्वभावाने समजुतीचा माणूस. लढाईच्या तोंडावर त्याला पुढारीपणावरून दूर करण्यात आले. १२ मे १५२५ रोजी दहा-पंधरा हजार शेतकरी बॉबलिंगेनपाशी उभे होते. समोर सरदारांच्या संघाचा सेनापती गेओर्ग फॉन वाल्डबुर्ग, सोबत कसलेले पायदळ आणि घोडदळ. बॉबलिंगेन गावाने सेनापतीच्या धमकीपुढे आपले दरवाजे उघडले आणि त्याचे बंदूकवाले टेकडीवरच्या किल्ल्यात शिरले. त्याच किल्ल्यात, जिथे बाविसेक वर्षांपूर्वी बार्बरा वारली होती. वरून गोळ्या सुरू झाल्यावर शेतकऱ्यांची फळी फुटली. पळणाऱ्यांचा घोडेस्वारांनी पाठलाग केला. सुमारे ३,००० माणसे मारली गेली असा अंदाज दिला जातो. या शरण-न-आलेल्या माणसांची थडगी नाहीत. त्या उतारांवर आज आपल्यासारख्यांची घरे, कुंपणे आणि कचऱ्याचे डबे आहेत. मुलीने फोटोत नेमके तेच टिपले होते.

बारा मे १८७५

तारीख ऐकून आमच्यातले एक निवृत्त आजोबा थांबले. ते मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते. ते म्हणाले, "बारा मे? म्हणजे आपल्या सुप्याचाच दिवस की!"

पुणे-सुपे ही जहागीर शहाजीराजांची, हे आपल्याला चौथीपासून पाठ असते. सुप्याचे मोहितेमामाही आठवतात. पण १२ मे १८७५ रोजी याच सुप्यात, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, काय घडले ते आमच्यातल्या फारच थोड्यांना सांगता आले असते. त्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर जाऊन कर्जखते आणि वह्या मागितल्या आणि त्यांची होळी केली. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पसरला. इतिहासात त्याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

त्याची कारणेही समजून घेण्यासारखी आहेत. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले तेव्हा तिथला कापूस बंद झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार मोकळ्या हाताने कर्जे देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. पण याच सुमारास सरकारने फेरआकारणी करून सारा वाढवला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत तीन वर्षांपुरतेच ग्राह्य ठरवले होते. कायदा रयतेच्या भल्यासाठी म्हणून केलेला. पण सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला आणि न वाचता येणारा कुणबी अंगठा उठवत गेला. तो कागद घेऊन सावकार दिवाणी कोर्टात जाई आणि कोर्ट कागद बघून जमिनीचा निकाल करी. म्हणून राग कागदावर निघाला. दंगेखोरांचा रोख खतांवर होता, जिवांवर नव्हता. ज्याने खते काढून दिली त्याला सहसा हात लावला गेला नाही. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा, म्हणजे याच धगीतला.

दोन्ही घटनांत बरोबर साडेतीनशे वर्षांचे अंतर आणि तारीख एकच. आमच्यातल्या एका चिकित्सक काकांनी लगेच हिशेब मांडला, की १५२५ साली ज्युलियन पंचांग चालू होते, आजच्या पंचांगाने ती तारीख २२ मे येते. त्यांचे म्हणणे बरोबर आहे आणि तारखेच्या योगायोगावर काही इमारत उभारायची नाही. दोन्हीकडची परिस्थितीही वेगळी. इथे शस्त्रे होती आणि हजारो माणसे मेली. तिथे बहुतेक कागद जळले आणि कायदा झाला. पण दोन्हीकडे शेतकऱ्याला एक गोष्ट कळली होती. आपल्याला बांधणारी दोरी म्हणजे दप्तरात लिहून ठेवलेला कागद आहे.

मला विचारात पाडले ते वेगळ्याच गोष्टीने. इथे वाढणाऱ्या मराठी मुलीला बॉबलिंगेनचे शेतकरी ठाऊक आहेत, कारण शाळेने तिला संग्रहालयात नेले. सुप्याचे ठाऊक नाहीत, कारण ते सांगणे आमच्याकडे होते. आपण परदेशी मंडळात गणपती करतो, शिवजयंती करतो, मुलांना किल्ल्यांची नावे शिकवतो. ते हवेच. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांचे पणजोबा किल्ल्यावर नव्हते, ते त्या कर्जखतावर अंगठा उठवणाऱ्यांत होते किंवा ते खत लिहिणाऱ्यांत होते. त्यांच्याबद्दल मुलांना काय सांगायचे, हे ठरवायला आपण बसलेलोच नाही. इथल्या लोकांनी आपला पराभव, आणि आपल्या गावाने दरवाजे उघडले हीही गोष्ट, कोठारात मांडून मुलांना दाखवली. ते जमायला त्यांनाही शतके लागली.

खेळाचे नवे नियम

त्या उन्हाळ्यानंतर आमच्या खेळात दोन नियम वाढले. पहिला असा, की खूण डोळ्यांना दिसलीच पाहिजे असे नाही. पण जिथे काही दिसत नाही तिथला फोटो पाठवणाऱ्याने, जागा ओळखली गेल्यावर, तिथे काय घडले ते चार ओळींत मराठीत लिहायचे. मुलांनीसुद्धा. ऱ्हस्वदीर्घ कुणी तपासत नाही.

दुसरा नियम एका सहलीनंतर आला. हेरेनबर्गच्या पलीकडे टाइलफिंगेन गावापाशी १९४४-४५ च्या हिवाळ्यात नात्सींची छळछावणी होती. लष्करी धावपट्टीच्या कामासाठी ६०१ ज्यू कैदी तिथे आणले होते. त्यांतले बरेच काही महिन्यांतच मेले. २०१० पासून तिथे स्मारक आहे. आमची मुले सायकली घेऊन तिथे पोचली, आणि कुणी कॅमेरा बाहेर काढेना. मोठ्यांनी काही सांगायच्या आत त्यांनी सायकली दूर शेताच्या बांधाला टेकवल्या आणि पायी गेली. तेव्हापासून ठरले, की अशा जागी जायचे जरूर, पण ती खेळात धरायची नाही.

आता दर वर्षी बारा मेच्या जवळच्या रविवारी आम्ही सायकलवर त्या उतारावरून जातो. कोठाराच्या संग्रहालयापासून निघून गोल्डबर्गच्या अंगाने सिंडेलफिंगेनपर्यंत. अंतर फार नाही, चढ मात्र दम काढतो. नवी आलेली कुटुंबे बरोबर असतात. त्यांना आम्ही आधी तळी दाखवतो, मग हा रस्ता.

आणि वाचकांना एक विनंती. यंदा सुट्टीत पुण्याला जाल तेव्हा एक दिवस सुप्यासाठी काढा. पुण्याहून सायकलने जायला हवे असा आग्रह नाही. गावातल्या कुणाकडून घटकाभर सायकल मागून घेतली तरी चालेल. बाजारपेठेत ती कुठे तरी उभी करा, फोटो काढा आणि आमच्याकडे पाठवा. सोबत तिथल्या जुन्या माणसांनी काय सांगितले ते चार ओळींत लिहा. जागा आम्ही ओळखून दाखवू.